बोटवाले, घाटवाले आणि वेस: आपल्या जादूनगऱ्यांचा इतिहास

ज्यांना ऐकण्यापेक्षा वाचायला आवडतं, त्यांच्यासाठी नेहमीप्रमाणे या भागाचं लेखी रूप. बोलताना अडखळलेली वाक्यं सरळ केली आहेत, बाकी जसंच्या तसं.

आजचा विषय म्हणजे एक भांडण. दोन मामेभाऊ, एक काका आणि नुकतीच ऑर्लँडोला लेकीकडे जाऊन आलेली मावशी एका खोलीत बसवा. पाच मिनिटांत सुरू होतं. काका म्हणणार, "एस्सेलवर्ल्डची सर कशालाच नाही." भाचा म्हणणार, "काका, इमॅजिका बघा आधी, मग बोला." आणि मावशी दोघांकडे जरा दयेने बघत म्हणणार, "तुम्ही अजून हॅरी पॉटरचं गाव बघितलेलं नाही रे."

काकाच्या पक्षाला आपण आजपुरतं बोटवाले म्हणू, कारण ते गोराईला बोटीने गेले होते. भाच्याचा पक्ष घाटवाले. खरं तर इमॅजिकाला जाताना बोरघाट लागण्याआधीच एक्सप्रेसवे सोडायचा असतो, पण नाव पडलं ते पडलं. आमच्या ठाण्याकडे तिसराही एक पक्ष आहे, टिकुजीनी वाडीवाल्यांचा. तो आवाज कमी करतो, पण हटत नाही.

हे भांडण ऐकलं की वाटतं सगळा मामला राईड्सचा आहे. कुठला पाळणा किती उंच, कुठली गाडी किती वेळा उलटी होते. पण जरा इतिहास बघितला तर वेगळंच काहीतरी दिसतं. या सगळ्या जादूनगऱ्यांची जादू आतल्या यंत्रांपेक्षा जास्त त्यांच्या कडेवर अवलंबून असते. म्हणजे शहर कुठे संपतं आणि ती नगरी कुठे सुरू होते, त्या रेषेवर. आपल्याकडे त्या रेषेला जुना शब्द आहे: वेस. आज त्या वेशीबद्दलच बोलायचंय.

जत्रा वेशीबाहेरच का भरते

थीम पार्क हा शब्द यायच्या कितीतरी आधी आपल्याकडे आकाशपाळणे होते. ठाणे जिल्ह्यातलंच उदाहरण घ्या. मुरबाड तालुक्यातल्या म्हशाला पौष पौर्णिमेपासून खांबलिंगेश्वराची यात्रा भरते. बैलांचा बाजार, घोंगड्या, भांडी, मिठाई, तमाशा आणि त्यांच्या बाजूला पाळणे, मौत का कुआँ, हसवणारे आरसे. कल्याण-डोंबिवली, भिवंडी, कर्जत, कुठून कुठून माणसं येतात.

आता जत्रा कुठे भरते ते बघा. गावाच्या मधोमध सहसा नाही. मोकळ्या माळावर, पीक काढलेल्या शेतात, देवळामागच्या पडीत. याचं एक कारण सरळ आहे, जागा लागते. पण दुसरंही आहे. गावाच्या आत गावाचे नियम चालतात. कोण कोणाशी बोलतं, पोरीबाळी किती वाजता घरी येतात, सगळं ठरलेलं. वेशीबाहेर हे नियम दोन दिवस सैल होतात. सून पाळण्यात बसून ओरडू शकते. एरवी ओरडली तर पंचाईत.

दसऱ्याचं सीमोल्लंघन आठवा. गावाची सीमा ओलांडायची, आपट्याची पानं तोडायची आणि घरी येऊन "सोनं घ्या" म्हणायचं. पान तेच असतं. रेषा ओलांडून आणलं म्हणून त्याचं सोनं होतं. जादूनगरीचं तत्त्व याहून वेगळं नाही.

जत्रेचा आणखी एक गुण लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे. जत्रा उठते. पाळणेवाले खांब उपटतात, ट्रक भरतात, पुढच्या गावाला जातात. पावसाळ्यात त्या जागी गवत उगवतं, नाहीतर भात. जमीन परत मिळते.

म्हातारीचा बूट आणि फुलराणी

शहरात कायमची, सिमेंटची जादूनगरी बांधायचे पहिले प्रयोग आपल्याकडे स्वातंत्र्यानंतर लगेच दिसतात. मुंबईत मलबार हिलवर १९५२ साली कमला नेहरू पार्क झालं आणि तिथे उभा राहिला म्हातारीचा बूट. मूळ गोष्ट इंग्रजी बालगीतातली, बुटात राहणाऱ्या म्हातारीची. पण गिरणगावातून, गिरगावातून आलेल्या पोरांना ते गीत माहीत असायची गरज नव्हती. एवढा मोठा बूट, त्यात जिना, वर खिडकी. बस्स. आणि तिथे पोचायला टेकडी चढावी लागायची. ती चढण हीच त्या बुटाची वेस.

पुण्यात १९५६ साली पेशवे पार्कात फुलराणी धावायला लागली. छोटी गाडी, बागेला गोल चक्कर. तिच्या रुळांच्या आत जे होतं ते आपोआप वेगळं गाव झालं. फुलराणीच्या आदल्याच वर्षी अमेरिकेत एका माणसाने आपल्या बागेभोवती अशीच गाडी फिरवली होती. पेशवे पार्कवाल्यांनी ते बघून केलं असं मी मुळीच म्हणत नाही. पण कल्पना सारखी आहे आणि ती समजून घेतल्याशिवाय मावशीच्या पक्षाचं म्हणणं कळणार नाही.

अॅनाहाइमचा बांध, फ्लोरिडाचं तळं

वॉल्ट डिस्नेने १७ जुलै १९५५ रोजी कॅलिफोर्नियात अॅनाहाइमला डिस्नेलँड उघडलं. संत्र्यांच्या बागांची सुमारे १६० एकर जमीन. त्याने काय केलं, तर पार्कभोवती मातीचा उंच बांध घातला आणि त्या बांधावरून आगगाडी फिरवली. हेतू असा, की आतल्या माणसाला बाहेरची दुनिया दिसू नये. विजेचे खांब, रस्ते, गाड्या, काही नाही. आत शिरताना रुळांखालच्या बोगद्यातून जायचं. आतल्या फँटसीलँडला जायचं तर राजवाड्याच्या दारातून, खंदकावरच्या पुलावरून. म्हणजे वेशीच्या आत आणखी एक वेस.

पण बांध नजर अडवतो, बाजार अडवत नाही. पार्क चालायला लागल्यावर आजूबाजूच्या जमिनी वधारल्या. बांधाला लागून मोटेल, हॉटेल, दुकानं, झगमगत्या पाट्या. पार्क शहराबाहेर बांधला होता, शहर चालत पार्कपाशी आलं. डिस्नेला ते खुपलं. म्हणून फ्लोरिडात त्याने गुपचूप, वेगवेगळ्या नावांच्या कंपन्यांमार्फत सुमारे २७,००० एकर जमीन घेतली. सगळी काही बांधण्यासाठी नव्हे. बरीचशी फक्त दूर ठेवण्यासाठी.

१९७१ साली तिथलं मॅजिक किंगडम उघडलं. तुम्ही गाडी घेऊन थेट दारात जाऊ शकत नाही. गाडी लांब लावायची, मग मोनोरेलने किंवा बोटीने तळं ओलांडायचं. ते तळं नैसर्गिक नाही, मुद्दाम खोदलेलं आहे. खोदलेली माती पार्कची जमीन उंच करायला वापरली. बोटवाले काका, ऐकताय ना? एका श्रीमंत करमणूक कंपनीने पैसे खर्च करून खाडी तयार केली, बोट सुरू केली, कारण बोटीतून उतरलेला माणूस गाडीतून उतरलेल्या माणसापेक्षा जादूवर लवकर विश्वास ठेवतो.

आता मावशीचं हॅरी पॉटर. युनिव्हर्सलने ऑर्लँडोत जून २०१० मध्ये हॉग्समीड गाव उघडलं आणि जुलै २०१४ मध्ये शेजारच्या पार्कात डायगन अॅली. तेव्हापासून तिकडच्या रसिकांत वाद पेटलेला आहे: डिस्नेची फँटसीलँड खरी की युनिव्हर्सलची जादूगारांची गल्ली? डिस्नेनेही २०१२ मध्ये मॅजिक किंगडममधली फँटसीलँड वाढवली, २०१७ मध्ये अवतारचं पँडोरा बांधलं, २०१९ मध्ये स्टार वॉर्सची स्वतंत्र नगरी. सरळ सरळ चढाओढ.

पण डायगन अॅलीचे चाहते काय सांगतात ते नीट ऐका. ते राईडपासून सुरुवात करत नाहीत. ते सांगतात, बाहेरून काही दिसतच नाही. समोर लंडनच्या इमारतींची रांग. तिच्यातल्या एका विटांच्या फटीतून आत वळायचं आणि अचानक पूर्ण गल्ली. म्हणजे परत तेच. दाद जाते ती वेशीला.

गोराईची बोट

हे डोक्यात ठेवून आता गोराईला चला. १९८९ मध्ये एस्सेलवर्ल्ड सुरू झालं. एस्सेल समूह तेव्हा ओळखला जायचा तो टूथपेस्टच्या लॅमिनेटेड ट्यूबसाठी. सुभाष चंद्रांचं झी टीव्ही यायला अजून तीन वर्षं होती. त्याआधी दिल्लीत प्रगती मैदानावर १९८४ साली अप्पू घर झालं होतं, ८२ च्या एशियाडच्या हत्तीच्या नावाचं. पण मुंबईच्या माणसाला एवढ्या मोठ्या प्रमाणावर हे सगळं पहिल्यांदाच मिळत होतं. १९९८ मध्ये शेजारी वॉटर किंगडम आलं.

आता खरं बोलूया. सजावटीच्या दृष्टीने एस्सेलवर्ल्डमध्ये गोष्ट फारशी नव्हती. झिपर डिपर, थंडर, टॉप स्पिन, शॉट अँड ड्रॉप ही यंत्रांना दिलेली चटपटीत नावं होती. एखादं मॉन्स्टर्स इन द मिस्टसारखं भुताचं घर सोडलं, तर एका राईडमधून दुसऱ्या राईडला जाताना आपण दुसऱ्या देशात आलो असं काही वाटत नसे. घाटवाल्यांची ही टीका रास्त आहे. तो जत्रेचाच माळ होता, फक्त यंत्रं मोठी, परदेशी आणि स्वच्छ.

मग काका एवढे हळवे का होतात? आता त्यांचा प्रवास बघा. नव्वदच्या दशकात बाळकुमहून एस्सेलवर्ल्डला निघायचं म्हणजे पहाटे उठणं. कापूरबावडीला येऊन घोडबंदर रोडने बोरिवलीची बस, डावीकडे येऊरचा डोंगर, उजवीकडे खाडी आणि मधे अंधारी झाडी. किंवा मग ठाण्याहून लोकलने दादर आणि तिथून उलटं बोरिवली. बोरिवलीहून रिक्षा किंवा बेस्टने गोराईची जेट्टी. तिथे रांग. मग बोट. शहर मागे राहतंय, दोन्ही बाजूंना खारफुटी, पाण्याचा वास, तोंडावर वारा. मालाडकडचे लोक मार्व्याहून यायचे, तेही बोटीनेच. दहा-पंधरा मिनिटांचा खेळ. पण त्या पंधरा मिनिटांत मुंबई संपायची.

जी खाडी डिस्नेने खोदून घेतली ती आपल्याकडे आयती होती. टीव्हीवरच्या त्या जाहिरातीच्या गाण्याचाही मुद्दा तोच होता, की मुलाला परत घरी यायचंच नाहीये. परतायचं नाही असं वाटायला आधी कुठेतरी लांब जावं लागतं.

याची उलट बाजूही त्याच काळात होती. जोगेश्वरी पूर्वेला, जोगेश्वरी-विक्रोळी लिंक रोडवर फँटसी लँड नावाचा पार्क होता. नावातच सगळं. तेव्हाही शाळेच्या वर्गात दोन तट पडायचे. फँटसी लँडवाले म्हणायचे, जवळ आहे, बोटीची रांग नाही, संध्याकाळी घरी. मुद्दा चोख होता. पण ते जवळ होतं हीच अडचण. रस्त्यालगत दार, समोरून ट्रक. शहराला ती जागा हवीशी वाटायला वेळ लागला नाही. आज तो पार्क नाही.

घाटवाल्यांची बाजू

१८ एप्रिल २०१३ रोजी खोपोली-पाली रस्त्यावर, खालापूर तालुक्यात इमॅजिका उघडलं. बांधणारे मनमोहन शेट्टी हे अॅडलॅब्जवाले, म्हणजे मुळात सिनेमाच्या फिल्मवर प्रक्रिया करणारी लॅब, वडाळ्याचं आयमॅक्स. एस्सेलवर्ल्ड ट्यूब बनवणाऱ्यांनी उभं केलं, इमॅजिका सिनेमावाल्यांनी. फरक तिथून सुरू होतो. पहिल्यांनी यंत्रं आणली, दुसऱ्यांनी पटकथा लिहिल्या.

नायट्रो आणि डीप स्पेस ही वेगाची यंत्रं आहेतच. पण घाटवाले ज्यावर जीव टाकतात त्या गोष्टी वेगळ्या. अलिबाबा और चालीस चोर ही अंधारात फिरणारी गाडी, हातात बंदूक, समोर चोर. सलीमगढ हा पछाडलेला किल्ला. मिस्टर इंडियाच्या राईडमध्ये १९८७ च्या सिनेमातलं जग. राजासॉरस रिव्हर अॅडव्हेंचर हे नाव तर मला फार आवडतं. राजासॉरस हा कल्पनेतला प्राणी नाही. नर्मदेच्या खोऱ्यात, गुजरातमध्ये सापडलेल्या हाडांवरून २००३ मध्ये त्याचं नाव ठेवलं गेलं. परदेशी टी-रेक्स उसना आणायच्या ऐवजी आपल्याच मातीतला डायनासोर घेतला.

इथे घाटवाले बोटवाल्यांना निर्विवाद हरवतात. जादूनगरीत गोष्ट आपली असली की सहा वर्षांचं पोर आणि साठ वर्षांची आजी दोघं एकाच जागी हसतात. मोगॅम्बो कोण हे आजीला समजावून सांगावं लागत नाही. ऑर्लँडोत मावशीला प्रत्येक वेळी नातवाला विचारावं लागलं होतं, हा कोण, ती कोण.

आणि वेस? इमॅजिकालाही आहे. २००२ मध्ये पूर्ण झालेला एक्सप्रेसवे हीच त्याची बोट. पनवेल मागे पडतं, डोंगर जवळ यायला लागतात, मोठा रस्ता सोडून पालीच्या रस्त्याला लागलं की पार्कामागे थेट सह्याद्रीची भिंत. पावसाळ्यात तर त्या भिंतीवरून पाणी कोसळत असतं. कुठल्या डिझायनरला जमणार आहे असा पडदा?

पण या पटकथेची किंमत जबर होती. कर्ज काढून बांधलेला पार्क. २०१५ मध्ये शेअर बाजारात उतरले तरी कर्जाचा डोंगर हलला नाही, पुढे करोनाने दारं बंद ठेवली. २०२२ मध्ये संगमनेरच्या मालपाणी समूहाने सूत्रं घेतली. लोणावळा आणि शिर्डीचे वॉटर पार्क आधीपासून त्यांचेच. आणि एक लक्षात घ्या, इमॅजिकाकडे मुळात सुमारे ३०० एकर जमीन होती, पार्कने व्यापलेली तिच्या निम्म्याहून कमी. बाकीची? डिस्नेने ती दूर ठेवण्यासाठी घेतली होती. आपल्याकडे अशी जमीन ताळेबंदात बसते, कधीतरी विकता येईल म्हणून.

वेस सरकते

इथे आपण भांडणाच्या मुळाशी येतो. जादूनगरी शहराच्या कडेला बसते, कारण तिथे जमीन स्वस्त असते आणि रस्ता किंवा रेल्वे तिथवर पोचलेली असते. न्यूयॉर्कच्या कोनी आयलंडला हेच झालं. रेल्वेचं शेवटचं टोक, समोर समुद्र. तिथे १८९७ मध्ये स्टीपलचेस, १९०३ मध्ये लूना पार्क, १९०४ मध्ये ड्रीमलँड. तिघांची जीवघेणी स्पर्धा, तिघांचे चाहते. ड्रीमलँड १९११ मध्ये जळालं. स्टीपलचेस १९६४ पर्यंत टिकलं. मग ती जागा फ्रेड ट्रम्प या बिल्डरने घेतली आणि घरं बांधण्याच्या इराद्याने पार्क पाडला. हो, तेच ट्रम्प, डोनाल्डचे वडील.

दिल्लीचं अप्पू घर २००८ मध्ये बंद झालं, जागा सर्वोच्च न्यायालयाच्या विस्तारासाठी हवी होती. एस्सेलवर्ल्डने २०२२ मध्ये दारं लावली, जागेचा पुनर्विकास करायचा म्हणून. बोट मात्र सुरू आहे. शेजारच्या ग्लोबल विपश्यना पॅगोड्याला जाणारी माणसं आजही तीच खाडी ओलांडतात. किंचाळायला जायची ती बोट आता मौन पाळायला जाणाऱ्यांचीही आहे.

आणि आता आपली टिकुजीनी वाडी. नाव गुजराती वळणाचं, टिकुजींची वाडी. मानपाड्याला, येऊरच्या डोंगराच्या अगदी कुशीत. वाडीवाल्या पक्षाचं म्हणणं असं, की तिथे ना बोट लागते ना एक्सप्रेसवे. शाळेची सहल, सोसायटीची पिकनिक, एखाद्याचं लग्न, सगळं तिथेच होतं. राईड मध्यम असतील, पण मागे जंगल आहे. मागे राष्ट्रीय उद्यान सुरू होतं आणि शहराला तिथे थांबावंच लागतं. ठाण्याची सगळ्यात पक्की वेस म्हणजे तो डोंगर.

म्हणजे होती. ठाणे-बोरिवली जुळा बोगदा त्याच डोंगराखालून जाणार आहे. एकूण सुमारे ११.८ किलोमीटर, भूमिपूजन जुलै २०२४ मध्ये झालं. ठाण्याकडचं त्याचं तोंड कुठे आहे? टिकुजीनी वाडीपाशी. मेट्रो ४ च्या यादीत तर स्टेशनचंच नाव टिकुजीनी वाडी आहे. ज्या ठिकाणी शहर संपायचं, तिथून आता शहराचा पुढचा भाग सुरू होणार. घोडबंदरचा वळसा वाचेल, वेळ वाचेल, रुग्णवाहिका लवकर पोचेल. याला विरोध करणारा मी कोण? पण पार्काच्या चाहत्याने एवढं ओळखावं, की त्याचा डोंगर आता भिंत राहणार नाही. तो दार होणार आहे.

बाळकुम, म्हणजे एकेकाळचं बाहेर

हा भाग आम्ही बाळकुमला बसून करतोय, तर इथलंही सांगायला हवं. १ ऑक्टोबर १९८२ ला ठाणे महापालिका झाली तेव्हा नगरपालिकेत आजूबाजूची ३२ गावं सामील केली गेली. बाळकुम, कोलशेत, ढोकाळीचा हा पट्टा तोवर वेशीबाहेरचा. आगरी-कोळ्यांची गावं, भातशेती, खाडीची मासेमारी, भिवंडीकडे जाणारा कशेळीचा रस्ता. मग कारखाने आले. कोलशेत रोडवर सँडोझ, पुढे तिचंच नाव क्लॅरियंट झालं. पलीकडे बायर. मग कारखाने गेले आणि टॉवर आले.

आता याच कोलशेत रोडवर फेब्रुवारी २०२४ मध्ये ग्रँड सेंट्रल पार्क उघडलं. साडेवीस एकर, साडेतीन हजारांवर झाडं. आणि आतमध्ये काय? मुघल बाग, चिनी बाग, जपानी बाग, मोरोक्कन बाग. म्हणजे थीमच्या चार नगऱ्या, आपल्या दारात. मी गंमत करत नाहीये, मला ती बाग आवडते. पण मोरोक्कन कमानीखाली उभं राहून मान वर केली की चाळीस मजली इमारत दिसते. बांध नाही, बोट नाही, डोंगर नाही. लिफ्टने खाली आलं की मोरोक्को. तुम्ही कुठलीच रेषा ओलांडलेली नसते, म्हणून ती बाग सुंदर असते, पण दुसरं जग होत नाही. आणि ती व्हायचा दावाही करत नाही. गर्दीच्या शहराला झाडं हवीत, ते काम ती चोख करते.

इथे बोटवाल्यांना एक बोचरी गोष्ट सांगायची आहे. ज्याला आपण वेशीबाहेर म्हणतो, ते कोणाचं तरी घर असतं. गोराई, मनोरी, उत्तन हा भाग तिथले लोक धारावी बेट म्हणून ओळखतात. कोळी आणि ईस्ट इंडियन कुटुंबांची जुनी गावं. आपल्याला जी बोट म्हणजे जादू वाटली, ती त्यांच्यासाठी बाजाराची, कॉलेजची, दवाखान्याची बोट होती. भरतीच्या वेळी बोट चुकली तर आपली सहल हुकायची, त्यांचं बाळंतपण अडायचं. त्या गावांनी त्यांच्या जमिनींवर आलेल्या विशेष आर्थिक क्षेत्राच्या योजनेला कसून विरोध केला, तो याच भीतीने, की शहर एकदा आलं की ते वेस शिल्लक ठेवत नाही.

बाळकुमच्या जुन्या माणसांना हे समजावून सांगावं लागत नाही. त्यांचं भाताचं शेत हे कधीतरी कोणाचं तरी "शहराबाहेरचं मोकळं" होतं.

मग निकाल काय?

मला विचाराल तर पक्षवार निकाल असा. गोष्ट सांगण्यात इमॅजिका पुढे, त्यात वादच नको. वेस ओलांडून नेण्यात एस्सेलवर्ल्डसारखं आपल्याकडे दुसरं झालं नाही आणि ते श्रेय पार्कपेक्षा खाडीचं जास्त. टिकुजीनी वाडीचं बलस्थान तिच्यामागचं जंगल, आणि त्या जंगलाखालून आता रस्ता जातोय. मावशीच्या ऑर्लँडोने गोष्ट आणि वेस दोन्ही साधलं, पण त्यासाठी हजारो एकर जमीन नुसती राखून ठेवावी लागली. आपल्याकडे ती कोणी राखत नाही. ना बिल्डर, ना महापालिका, ना पार्कचा मालक.

म्हणून मी या भांडणात शेवटी म्हशाच्या जत्रेच्या बाजूने बोलतो. तिला बोगद्याची, मेट्रोची, पुनर्विकासाची भीती कमी आहे. ती जमीन विकत घेत नाही, उसनी घेते. चार दिवस वेस उघडते, मग खांब उपटून जमीन परत करते आणि पुढच्या पौषात पुन्हा येते. तिलाही धोका आहेच. ज्या दिवशी तो माळ उसना मिळेनासा होईल, त्या दिवशी जत्राही संपेल. मुरबाडकडे रस्ते रुंद होतायत, फार्महाऊसच्या पाट्या लागतायत. थीम पार्कच्या चाहत्यांनी खरं तर तिकडे लक्ष ठेवायला हवं. नवा पार्क पैसे असले की बांधता येतो. मोकळा माळ एकदा गेला की बांधता येत नाही.

पुढच्या वेळी घरात हा वाद निघाला की राईडची उंची मोजण्याआधी एक प्रश्न विचारून बघा: तिथे पोचायला तुम्ही काय ओलांडलं होतं? खाडी, घाट, डोंगर, की नुसता सिग्नल? उत्तरं आम्हाला जरूर कळवा. तुमच्या गावची जत्रा कुठल्या माळावर भरायची आणि आज त्या माळावर काय उभं आहे, तेही लिहा. त्यावर एक वेगळा भाग करायचा विचार आहे.